लाओ-हेइचे जुने पाय

फान यूल्वानच्या नावावर एकशे त्रेचाळीस वस्तू होत्या. त्यांतली एकही तिची नव्हती.

शिन्चूच्या त्या विद्यापीठात नवीन यंत्र आलं की मालमत्ता कचेरीचा माणूस येऊन त्यावर बोटभर लांबीचा चंदेरी स्टिकर चिकटवून जाई. स्टिकरवर क्रमांक, खरेदीचं साल आणि सांभाळणाऱ्याचं नाव. त्या यंत्रावर काम करून कोण डॉक्टर झालं, कुणाचा फोटो वर्तमानपत्रात आला, याच्याशी त्या नावाला काही देणंघेणं नसे. यंत्र सापडेनासं झालं की मात्र बोलावणं त्या नावालाच येई. रोबो प्रयोगशाळेतल्या सगळ्या स्टिकरांवर चौतीस वर्षं एकच नाव होतं.

नाव होतं आणि माणूसही होतं, हे महत्त्वाचं. छताखालून गेलेला रूळ आणि त्यावरून लोंबणारा पट्टा रोज सकाळी ती हातानं चाचपून बघे. चालायला शिकणारा रोबो पडला तर तो पट्ट्याला लोंबकळला पाहिजे, फरशीवर आपटता कामा नये. पाऊल किती जोरात पडलं ते सांगणारी फरशीतली वजनाची पाटी, वाळूचा हौद, खडीचा उतार, सात पायऱ्यांचा लाकडी जिना, बॅटऱ्यांचं लोखंडी कपाट, हे सगळं तिच्या फडक्याखालून जाई. भिंतींवरच्या बारा कॅमेऱ्यांपैकी सातव्याला दुपारचं ऊन सोसत नसे. त्या खिडकीला तिनं घरचा जुना पडदा आखूड करून लावला होता. पडदा यादीत नव्हता.

प्रयोगशाळा उभी करणारे जिएन सर निवृत्त होऊन ताइचुंगला मुलाकडे गेले आणि तीन वर्षांपूर्वी त्यांच्या जागी वेंग बोरुइ आले. वय अडतीस, परदेशातून शिकून आलेले, हुशार, आणि घाईत. पहिल्याच आठवड्यात त्यांनी कचऱ्याची पिशवी घेऊन हॉलभर फेरी मारली. प्रत्येक यंत्रावर नारळाच्या चवीच्या मक्याच्या कुरकुऱ्यांचं हिरवं पाकीट ठेवलेलं असे. यंत्रानं शहाण्यासारखं वागावं म्हणून ही पाकिटं गावातल्या प्रत्येक कारखान्यात असतात. पाकीट हिरवंच हवं, न फोडलेलं हवं आणि त्याची तारीख उलटलेली नको. वेंग सरांनी सगळी गोळा करून पिशवीत टाकली.

"ही प्रयोगशाळा आहे की देऊळ, फान बाई?"

बाकी सगळं विद्यापीठ तिला फानताई म्हणे. 'बाई' म्हणणारे हे एकटेच.

"तारखा बघून टाका, सर," ती म्हणाली. "एप्रिलपर्यंत चांगली आहेत. खाता येतील."

इथपर्यंत नुसती चकमक होती. खरं वैर जडलं दोन वर्षांपूर्वी. मंत्रालयातून पाहुणे आले होते आणि वेंग सर त्यांना चार पायांचा रोबो चालवून दाखवत होते. फोटो काढायच्या नादात एक पाहुणा पिवळ्या रेषेच्या आत आला. रोबो जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर होता. फानताईनं लाल बटण दाबलं. रोबोचे चारही पाय एकदम लुळे पडले आणि मेलेल्या बकऱ्यासारखा तो पट्ट्याला लोंबकळला. पाहुणे हसले. त्यातला एक म्हणाला, "दमला वाटतं!" पुढच्या वर्षीचा मोठा प्रकल्प दुसऱ्या विद्यापीठाला गेला. तो त्या हसण्यामुळे गेला की आणखी कशामुळे, कुणास ठाऊक. पण वेंग सरांनी हिशेब तिच्याच नावावर टाकला, आणि त्या दिवसापासून कामाशिवाय एक शब्द बोलले नाहीत. कामाचे शब्दही टोचतील असे निवडून आणत.

आता ती पासष्टची होत होती. एकतीस जुलैला निवृत्ती. त्याआधी एकशे त्रेचाळीस वस्तू दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर करायच्या. यादीतल्या प्रत्येक ओळीपुढे दोन शिक्के, एक देणाऱ्याचा आणि एक घेणाऱ्याचा. तिनं आपले सगळे शिक्के जूनमध्येच मारून ठेवले होते. घेणारे वेंग सर होते, आणि ते शिक्का काढायला तयार नव्हते.

वीस जुलैला सकाळी त्यांनी तिला हॉलमध्ये बोलावलं. मालमत्ता कचेरीचे वू साहेबही आले होते. वू म्हणजे पन्नाशीचा, खांदे पाडून चालणारा, चष्मा कपाळावर ठेवणारा माणूस. दरवर्षी एकदा येऊन तो स्टिकर मोजे आणि चहासुद्धा न घेता जाई.

"क्रमांक एकसष्ट," वेंग सर म्हणाले. "चार पायांचा चालता रोबो, नग एक. कुठे आहे?"

फानताईनं बोट दाखवलं. रुळाखाली लाओ-हेइ उभा होता. म्हातारा काळू, हे नाव पंधरा वर्षांपूर्वीच्या विद्यार्थ्यांनी ठेवलेलं. गल्लीतल्या काळ्या कुत्र्यासारखा तो दिसेल त्याच्या मागे जाई.

"हा?" वेंग सर खाली वाकले. "पुढचे पाय माझ्या प्रकल्पातले. मागचे पाय माझे. सांगाडा माझा, मोटरी माझ्या. पोटाचा पत्रा गेल्या वर्षी मी करवून घेतला. ह्यात एकसष्ट नंबरचं काय आहे? स्टिकर दाखवा."

"स्टिकर जुन्या पत्र्यावर आहे. पत्रा बदलला तेव्हा काढून ठेवलाय."

"म्हणजे यंत्र नाही, पत्रा आहे! फान बाई, पत्रा चालतो का?"

"दुरुस्ती झाली, सर. एकेक भाग बदलत गेला. यंत्र तेच आहे."

"तेच नाही. हे यंत्र मी बनवलंय. तुमचं यंत्र गहाळ आहे."

'गहाळ' हा शब्द ऐकून फानताईच्या कानशिलांवर ऊन लागल्यासारखं झालं. चौतीस वर्षांत एक स्क्रू गहाळ झाला नव्हता. नावापुढे तो शब्द चढला की चौकशी बसणार, निवृत्तीचा कागद अडणार. कागदाचं एक वेळ राहू द्या. तो शब्द तिच्या फाइलमध्ये शेवटचा शब्द म्हणून राहणार होता.

"मोडीत काढू या का?" वू साहेबांनी विचारलं. "मुदत कधीच संपलीय."

"मोडीत काढायलासुद्धा वस्तू हजर लागते," वेंग सर म्हणाले. "नियम तुमचाच आहे ना?"

"माझाच आहे," वू साहेब म्हणाले. त्यांना हा माणूस आवडलेला नाही हे त्यांच्या चष्म्यावरून कळलं, तो कपाळावरून नाकावर आला. "मग एक करा. हा उभा आहे तो एकसष्ट नव्हे, वेगळा आहे, असं मला लिहून द्या. तोंडी चालत नाही."

"आत्ता देतो."

फानताईला तो कागद लिहिला जायच्या आधीच वाचता आला. मालमत्तेचे नियम तिला शाळेतल्या कवितेसारखे पाठ होते. ती म्हणाली, "सर, असं लिहू नका. ह्याचा अर्थ—"

"आता तुम्ही मला लिहायला शिकवणार? गप्प बसा."

ती गप्प बसली. वेंग सरांनी चार ओळी लिहिल्या आणि खाली लाल शिक्का दाबला. ते गप्प बसणं नंतर तिला अधूनमधून खुपत राहिलं, हेही खरं. पण त्या क्षणी तिच्या आत काहीतरी सावकाश, समाधानानं खाली बसलं.

"एकतीस तारीख, दुपारी दोन," वू साहेब म्हणाले. "तोवर एकसष्ट हजर करा, फानताई. नाहीतर मला तो शब्द लिहावा लागेल. मला लिहायला आवडेल असं नाही."

लाओ-हेइचा जो जो भाग निघाला तो तिनं ठेवला होता. यंत्राची मुदत संपली तरी ते रीतसर मोडीत निघेपर्यंत त्याचे भाग टाकायचे नाहीत, हा नियम कागदावर सगळ्यांसाठी होता. पाळणारी ती एकटी. आणि भाग ठेवायला तिच्याकडे उत्तम पेट्या होत्या. प्रयोगशाळेतल्या कुणाचं लग्न ठरलं की लग्नाच्या बिस्किटांचा पत्र्याचा डबा तिच्या हातात पडे. बिस्किटं सगळे मिळून संपवत आणि डबा ती धुऊन ठेवी. पुढचा डावा पाय गुलाबी फुलांच्या डब्यात होता, तो डबा आता दोन मुलींची आई असलेल्या एका जुन्या विद्यार्थिनीचा, शाओ-पेइचा. पुढचा उजवा सोनेरी डब्यात, ज्याचं लग्न वर्षभरात मोडलं त्याचा. मागचे दोन पाय जुळ्या भावांच्या लग्नातल्या सारख्याच दोन लाल डब्यांत. जुना सांगाडा आणि स्टिकरचा पत्रा त्यांच्याच मागे फडक्यात गुंडाळलेला. प्रत्येक डब्यात एक चिठ्ठी: काय काढलं, कधी, का.

तिनं डबे खाली काढले तेव्हा वेंग सर दारात उभे होते.

"तुम्हा हक्का लोकांच्या घरात वीस-वीस वर्षं वाळका मुळा बरणीत भरून ठेवतात, असं ऐकलं होतं. इथेही तेच?"

"वीस वर्षांचा मुळा औषधाला लागतो, सर," ती म्हणाली, आणि शिडीवरून उतरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला कळलं की रुळाखालची जागा एकतीस जुलैपर्यंत वेंग सरांच्या नावानं राखून ठेवलेली आहे. सकाळी आठपासून संध्याकाळी सहापर्यंत, रविवारसकट. लेथच्या खोलीची किल्ली 'तपासणीसाठी' गेली होती. हॉलच्या टेबलांवर 'हात लावू नये' असे कागद होते. यंत्र आवाराबाहेर न्यायचं तर परवानगीचा अर्ज, आणि त्या अर्जावर प्रमुखांचा शिक्का. प्रमुख कोण, ते वेगळं सांगायला नको.

मग तिनं डबे आणि सांगाडा उचलला आणि मजल्याच्या टोकाला, जेवणाचे डबे वाफेवर गरम करायच्या पेटीच्या खोलीत नेले. खोली दहा पावलं लांब, सहा पावलं रुंद. त्या खोलीवर कुणाचंच नाव नव्हतं. तिनं फरशीवर वर्तमानपत्रं पसरली, वर घरची चादर घातली आणि मांडी घालून बसली.

सकाळी आठ ते संध्याकाळी पाच, मध्ये अर्धा तास जेवण. सांध्यांमधलं तेल वाळून गोंद झालं होतं, ते टूथब्रशनं घासून काढलं. दोन तारा उंदरानं कुरतडलेल्या होत्या, त्या बदलल्या. मागच्या डाव्या पायाच्या मोटरीच्या चिठ्ठीवर तिच्याच अक्षरात लिहिलेलं होतं: 'दमते. जास्त राबवू नये.' बारा वाजता लोक जेवणाचे डबे घ्यायला येत, आणि वाफेत मोहरीच्या वाळक्या पाल्यातल्या मांसाचा वास सुटलेला असताना लाओ-हेइच्या फासळ्या ओलांडून जात. कुणी मदतीला बसलं नाही. वेंग सरांचा डोळा कुणावर पडायला नको होता. एक प्राध्यापक तर म्हणाले, "ताई, कुत्र्याला वाफेवर ठेवताय का?" ती म्हणाली, "तुमच्या भाताखाली जागा असेल तर ठेवते."

वेंग सर रोज एकदा येत. त्यांचा डबा तिथे नसेच. ते दारातून बघत.

"चार पाय जोडून टेबल होतं, फान बाई. चालत नाही."

"हो का," ती म्हणे, आणि स्क्रू फिरवत राही.

संध्याकाळी नवरा स्कूटर घेऊन फाटकाशी येई. तो बसचालक होता, निवृत्त होऊन सहा वर्षं झालेली. "लिहू दे त्याला गहाळ," तो म्हणाला. "बसचे आरसे माझ्या हातून किती गेले!"

"तुझे आरसे फुटले. माझं काही फुटलेलं नाही."

"मग एवढी चिडलीस कशाला?"

"तो मला खोटं पाडतोय म्हणून," ती म्हणाली. त्यानं तिचं हेल्मेट पुढे केलं. मग म्हणाला, "घट्ट धर," आणि स्कूटर सुरू केली.

एकतीस जुलैला दोन वाजता वू साहेब आले. फानताईनं लाओ-हेइला चाकांच्या पाटावर घालून हॉलमध्ये आणलं. दोन यंत्रं समोरासमोर उभी राहिली. रुळाखालचं नवं, चकचकीत, आणि पाटावरचं जुनं, ओरखड्यांचं, पोटावर चंदेरी स्टिकर असलेलं. वू साहेबांनी गुडघे टेकून क्रमांक वाचला, साल वाचलं, नाव वाचलं.

"एकसष्ट. हजर."

"थांबा," वेंग सर म्हणाले. "यादीत काय लिहिलंय? चार पायांचा *चालता* रोबो. हा चालत नसेल तर हा तो नव्हे."

वू साहेबांनी यादी पाहिली. तसंच लिहिलं होतं. "बरोबर आहे," ते नाइलाजानं म्हणाले.

"मग रूळ लागेल," फानताई म्हणाली. "पट्ट्याशिवाय मी कुठलंही यंत्र चालवणार नाही."

"रूळ राखून ठेवलाय."

"तुम्हीच ठेवलाय ना?" वू साहेबांनी विचारलं. "मग तुम्हीच सोडा. की तेही लिहून देता?"

वेंग सरांनी नवं यंत्र ओढून बाजूला केलं. फानताईनं पट्टा चाचपला, शिवणीवरून अंगठा फिरवला, लाओ-हेइच्या पाठीवरची कडी अडकवली. बॅटरी जोडली. डाव्या हातात लाल बटणाची डबी घेतली. आणि मग एक अनपेक्षित गोष्ट झाली. वू साहेबांनी आपली काळी बॅग उघडली, फायलींच्या मधून एक हिरवं पाकीट काढलं, त्याची तारीख बघितली आणि यंत्राला हुकूम देणाऱ्या पेटीवर ठेवलं.

"तुम्हीसुद्धा?" वेंग सर म्हणाले.

"कचेरीतल्या प्रिंटरचं आहे," वू साहेब म्हणाले. "परत न्यायचंय."

लाओ-हेइ थरथरला. पुढचे पाय सरळ झाले, मग मागचा उजवा. मागचा डावा सगळ्यांत शेवटी, कण्हल्यासारखा आवाज करत. तो उभा राहिला. मग त्यानं एक पाऊल टाकलं. दुसरं. मागचा डावा फरफटत आला, पण आला. तिसरं. जुन्या सवयीप्रमाणे तो समोर दिसेल त्याच्याकडे निघाला होता, आणि समोर पिवळ्या रेषेच्या आत वेंग सर उभे होते.

"रेषेबाहेर व्हा," फानताई म्हणाली.

ते हलले नाहीत. हाताची घडी घालून उभे राहिले.

चौथं पाऊल. पाचवं. मागच्या डाव्या मोटरीचा आवाज चढला. फानताईला तो आवाज ओळखीचा होता. यंत्र एका बाजूला कलून पुढे झेपावणार, अगदी त्या क्षणी तिनं बटण दाबलं. लाओ-हेइ लुळा पडला आणि वेंग सरांच्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर पट्ट्याला लोंबकळत राहिला. दोन वर्षांपूर्वी लोंबकळला होता, अगदी तसाच. या वेळी कुणी हसलं नाही.

"पाच पावलं," वू साहेब म्हणाले. "चालता आहे." त्यांनी एकसष्टपुढे बरोबरची खूण केली. मग चष्मा कपाळावर चढवला आणि बाजूला ओढलेल्या नव्या यंत्राभोवती एक चक्कर मारली. वाकून पोट पाहिलं, पाठ पाहिली.

"ह्याचा स्टिकर कुठाय?"

"तो... हाच तर आधी एकसष्ट—" वेंग सर बोलता बोलता थांबले.

वू साहेबांनी फाइल उघडून वीस जुलैचा कागद वर काढला. "हा एकसष्ट नव्हे, वेगळं यंत्र आहे, मी बनवलं आहे. शिक्का तुमचा. म्हणजे विद्यापीठाच्या हॉलमध्ये, विद्यापीठाच्या भागांतून बनलेलं, नोंद नसलेलं अख्खं यंत्र उभं आहे. समितीपुढे खुलासा द्या, नोंद करा. तोवर वापर बंद."

"ऑगस्टमध्ये प्रदर्शन आहे माझं!"

"समिती सप्टेंबरात बसते," वू साहेब म्हणाले, आणि बॅगेतून पिवळी चिकटपट्टी काढून नव्या यंत्राच्या पाठीवर आडवी मारली. मग एकशे त्रेचाळीस ओळींची यादी टेबलावर ठेवली. "आता तुमचे शिक्के. मी थांबतो."

वेंग सर शिक्के मारायला बसले. ठप्प, ठप्प, ठप्प. लेथ, वजनाची पाटी, बारा कॅमेरे, प्रत्येकाची वेगळी ओळ. मध्येच शाईची डबी कोरडी पडली. फानताईनं आपली पुढे सरकवली. त्यांनी ती घेतली, पण वर पाहिलं नाही. पाऊण तासानं शेवटचा शिक्का बसला. वू साहेबांनी कागद घेतले, हिरवं पाकीट बॅगेत टाकलं आणि चहा न घेता निघून गेले.

फानताईनं किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवला.

"तुम्हाला माहीत होतं," वेंग सर म्हणाले. "त्या कागदाचं काय होणार ते."

"सांगत होते. तुम्ही गप्प बसा म्हणालात."

"पुन्हा सांगायचं होतं! अकरा दिवस होते!"

ती लाओ-हेइजवळ गेली, त्याला पट्ट्यावरून पाटावर उतरवलं, मागचा डावा पाय नीट दुमडून ठेवला.

"पट्ट्याची मुदत ऑक्टोबरात संपते," ती म्हणाली. "शिवण उजव्या बाजूला उसवायला लागलीय. बदला."

"मला माहीत आहे."

त्यांना माहीत नव्हतं. तिलाही ते कळलं.

वाफेच्या पेटीच्या खोलीत जाऊन तिनं चादर घडी केली आणि चारही रिकामे डबे एकात एक बसतात का ते पाहिलं. जुळ्या भावांचे दोन लाल डबे एकात एक बसले नाहीत. ते तिनं काखेत घेतले. फाटकाशी पहारेकऱ्यानं विचारलं, "ताई, काय नेताय? कागद आहे?"

"ह्यांच्यावर स्टिकर नाही," ती म्हणाली, आणि झाकणं उघडून दाखवली.